मुलीच्या पार्टीसाठी केलेले चीजचे गोळे

आमच्या मुलुंडच्या घरातला ओटा एकच, पण शेगडीच्या डावीकडचं सगळं मुलीचं आणि उजवीकडचं सगळं माझं. डावीकडे ज्वारी, नाचणी, तांदळाच्या पिठाचे डबे, तिचा तवा, तिचं पोळपाट-लाटणं, तिची गाळणी, तिची मिसळणाची वेगळी डबी. उजवीकडे कणकेचा डबा, रवा, शेवया, पाव आणि छोटा ओव्हन, ज्यात मी सकाळी पाव भाजून घेतो. माझी बायको दोन्हीकडे स्वयंपाक करायची आणि एका बाजूकडून दुसरीकडे जाताना साबणाने हात धुवायची. पंधरा वर्षांहून जास्त काळ ती असे हात धुवत होती. ते हात पावसाळ्यातसुद्धा कोरडे पडून भेगाळायचे, आणि मी तिला क्रीम आणून द्यायचो.

मुलीला सीलिअॅक आहे. गव्हात ग्लुटेन नावाचं जे असतं ते तिच्या आतड्यांना जखमा करतं. औषध नाही. गहू, मैदा, रवा आयुष्यात कधी खायचा नाही, एवढंच करता येतं. ती आठ वर्षांची असताना घाटकोपरच्या एका डॉक्टरीणबाईंनी हे आम्हाला नीट समजावून सांगितलं. मी विचारलं, "थोडंसं चालेल ना? एखादा तुकडा?" त्या म्हणाल्या, "पोळीचं पीठ लागलेला हातसुद्धा नको."

त्याआधीची दीड-दोन वर्षं मी तिला पोळी संपवायला लावत होतो. तिचं पोट दुखायचं, वजन वाढत नव्हतं, वर्गात ती सगळ्यांत बुटकी होती. माझं म्हणणं, ही जेवत नाही म्हणून असं होतंय. मी ताटासमोर खुर्ची घेऊन बसायचो. "नाटकं बंद. पोळी संपल्याशिवाय उठायचं नाही." ती रडत रडत, पाण्याच्या घोटाबरोबर तुकडे गिळायची. चांगला बाप असंच करतो असं मला वाटायचं.

निदान झाल्यावर बायको म्हणाली, "आपण घरात गहूच बंद करू या. तिघंही भाकरी खाऊ." तेव्हा मी म्हणालो होतो, "मला पोळी लागते गं. डब्यात भाकरी कशी नेणार?" एवढ्या एका वाक्यावर आमचा ओटा दोन भागांत विभागला गेला. पुढे तिच्या मिसळणातला हिंगही बदलला, कारण बाजारातल्या नेहमीच्या हिंगाच्या पुडीत बहुतेक वेळा गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. बायकोने तांदळाच्या पिठातला हिंग शोधून काढला. मी ताकात घालून बघितला आणि म्हणालो, "याला वासच नाही." दुसऱ्या दिवशी माझ्यापुरता नेहमीचा हिंग आणला आणि उजवीकडच्या फळीवर ठेवला. रोज जेवताना ताकात चिमूटभर टाकायची माझी सवय होती.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ती अकरा वर्षांची असताना बोरिवलीला माझ्या मोठ्या भावाकडे सत्यनारायण होता. प्रसादाचा शिरा रव्याचा. बायको आत वहिनीला मदत करत होती. मुलगी हात मागे घेऊन उभी होती आणि भटजी द्रोण पुढे करून थांबले होते. सगळे बघत होते. मी म्हणालो, "घे गं, प्रसादाने काही होत नाही," आणि माझ्या बोटांनी शिऱ्याचा घास तिच्या तोंडात घातला. दोन दिवस ती उलट्या करत पडली होती. माझ्यावर ती चिडली नाही. पण त्यानंतर तिने माझ्या हातचं काही खाल्लं नाही. तसं कोणी बोलून दाखवलं नाही. मीच हळूहळू ओळखलं. सोललेलं संत्रं जरी मी पुढे केलं तरी ती म्हणायची, "ठेव ना बाबा, खाते नंतर." ताटात काही नवीन दिसलं की आत आवाज द्यायची, "आई, हे कोणी केलंय?"

तेरा वर्षं हे असंच चाललं होतं.

गेल्या वर्षी तिला हैदराबादला नोकरी लागली. सोमवारी संध्याकाळचं विमान, आणि आदल्या दिवशी, रविवारी दुपारी चार वाजता, मैत्रिणी आणि अंधेरीच्या जुन्या ऑफिसातली दोन-तीन मुलं घरी येणार होती. नेमका त्याच आठवड्यात बायको बाथरूमजवळ घसरली आणि उजव्या मनगटाला प्लास्टर बसलं. बाहेरून मागवलेलं मुलीला चालत नाही. ती म्हणाली, "मी काकडी-गाजर कापून ठेवेन, बाकीच्यांसाठी पिझ्झा मागवू. मला सवय आहे."

स्वतःच्या पार्टीत गाजर खात बसायची सवय. मी म्हणालो, "मी करतो काहीतरी. तुलाही खाता येईल असं."

ती माझ्याकडे बघतच राहिली. बायको प्लास्टरचा हात उशीवर ठेवून म्हणाली, "करू दे गं त्यांना. आयुष्यात एकदा ओट्यापाशी उभे राहतायत."

"ओव्हन वापरायचा नाही," मुलगी म्हणाली. "त्यात तुझे पाव भाजलेत."

"भाजायचं काहीच नाही. गॅसही जवळजवळ नाही. चीजचे गोळे. मी व्हिडिओ बघितलाय."

"ब्रेडक्रम्समध्ये लोळवतात ते?"

"तिळात लोळवीन. आणि दाण्याच्या कुटात."

ती म्हणाली, "बरं. पण पाकिटं टाकू नकोस. मला वाचायचीत."

त्या चार दिवसांत मी ज्या काळजीने वागलो तशी काळजी तिच्या अख्ख्या लहानपणात घेतली नव्हती. नवीन सुरी आणली, नवीन चॉपिंग बोर्ड, नवीन किसणी. चीज घेताना दुकानात उभं राहून मागची बारीक अक्षरं चष्मा वर करून वाचली. गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, "काका, परीक्षा आहे का उद्या?" शनिवारी थोडेसे गोळे करून बघितले, ते सैल पडले आणि ताटलीत बसकण मारून बसले. मग दही रात्रभर टांगून घट्ट चक्का केला. रविवारी सकाळी पोळी खाल्ली नाही, ओटा दोनदा पुसला, नखं कापली, आंघोळ करून धुतलेला शर्ट घातला आणि मगच तिच्या बाजूला उभा राहिलो. बायको सोफ्यावरून म्हणाली, "सोवळं नेसायचं राहिलं की हो."

किसलेलं चीज, थोडं पनीर, चक्का, मिरी, कोथिंबीर, बारीक चिरलेली मिरची. सगळं मळून चव बघितली. मऊ, खारट, पण फिकं. बायकोला चमच्यावर दिलं. "चीज आहे ते," ती म्हणाली, "चीजसारखंच लागणार." थोड्या वेळाने ती शेजारणीबरोबर हात दाखवायला दवाखान्यात गेली. प्लास्टरखाली बोटं सुजली होती आणि जवळच्या डॉक्टरांनी रविवार असूनही बोलावलं होतं.

मला ते फिकं मिश्रण सहन होईना. पहिल्यांदा ती माझ्या हातचं खाणार आणि चव नाही असं कसं? मला फोडणी सुचली. मिश्रणाला वरून गार केलेली तुपाची फोडणी द्यायची आणि मग गोळे वळायचे. कढलं तिच्याच बाजूचं घेतलं, आधी पुन्हा धुतलं. तूप, मोहरी, जिरं, भरपूर कढीपत्ता, आणि हिंग जरा सढळ हाताने. वास घरभर सुटला. फोडणी गार करून मिसळली, चव बघितली आणि एकटाच हसलो. चव आली होती.

लहान लिंबाएवढे गोळे वळले. अर्धे तिळात लोळवले, अर्धे दाण्याच्या कुटात, आणि एकेक काकडीच्या चकतीवर ठेवला. चीजची, पनीरची, तिळाची पाकिटं धुऊन दोरीवर वाळत घातली होती, ती ताटलीशेजारी रांगेत मांडली.

मुलं चार वाजता आली. एका मैत्रिणीच्या आईने मुलीसाठी पोह्यांचा चिवडा करून पाठवला होता. मी ताटली बाहेर नेली तेव्हा मुलगी आधी पाकिटांकडे गेली आणि एकेक उचलून सगळी वाचली. तिचे मित्र ओरडत होते, "अगं खा ना, बोर्डाचा पेपर आहे का तो!" तिने एक गोळा उचलला, वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि अर्धा चावला.

"बाबा!" ती म्हणाली. "चीजला फोडणी दिलीस?"

"मग? फिकं लागत होतं."

"ए, बाबांनी चीजला फोडणी दिलीय," ती सगळ्यांना म्हणाली आणि उरलेला अर्धा तोंडात टाकला. "झकास आहे यार."

तिने किती खाल्ले ते मी मोजत होतो. पाच. पाचवा खाताना ती माझ्या शेजारी, सोफ्याच्या हातावर बसली होती आणि तिचं कोपर माझ्या खांद्यावर होतं. खरं सांगतो, तेरा वर्षांत मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. मी मनात म्हणत होतो, सुटलो.

मग चिवडा आणलेली ती मैत्रीण म्हणाली, "काका, रेसिपी द्या ना. ही तिकडे गेल्यावर पण करून खाईल."

"तिकडे कोण वळत बसणार," मुलगी म्हणाली, "मी महिन्यातून एकदा यांनाच बोलावणार."

मी ऐटीत सांगायला लागलो. चीज किती, चक्का किती, दही रात्रभर टांगायचं. ती मैत्रीण फोनवर लिहून घेत होती. "मग फोडणी. तूप, मोहरी, जिरं, कढीपत्ता," मी म्हणालो, आणि पुढचा शब्द ओठांवर आला तेव्हा मला माझा हात दिसला. डाव्या बाजूची तिची हिंगाची डबी मी उघडली होती. वास घेतला होता. याला वासच नाही, असं मनात म्हणून झाकण लावलं होतं. आणि हात रोज ताकासाठी जातो तसा उजवीकडच्या फळीकडे गेला होता.

"आणि?" मैत्रिणीने विचारलं.

"बस," मी म्हणालो. "एवढंच."

मी ताटली उचलली. तीत सात-आठ उरले होते. मुलगी म्हणाली, "अरे, कुठे नेतोस? आत अजून आहेत ना?"

"नाही, संपत आले," मी म्हणालो. "हे आईला ठेवतो."

आत फ्रिजमध्ये अजून एक पूर्ण डबा भरलेला होता. ताटलीतले आणि डब्यातले सगळे मी वर्तमानपत्रात बांधून कचऱ्याच्या डब्यात खाली दाबले आणि वर भाज्यांची सालं टाकली. मग उजवीकडच्या फळीवरची हिंगाची डबी हातात घेऊन उभा राहिलो. तिच्यावर काय लिहिलंय ते मला पाठ होतं. बायकोने ते मला कैक वर्षांपूर्वी वाचून दाखवलं होतं. बाहेर मुलं हसत होती. दहा पावलं चालून जायचं आणि एक वाक्य बोलायचं होतं. खाल्लेलं आता बाहेर येणार नव्हतं, हे खरं. पण तिला कळलं तरी असतं, तयारी तरी करता आली असती. मी डबी जागेवर ठेवली आणि चहा टाकला.

साडेसहाला ती शेवटच्या दोघांना सोडायला लिफ्टपर्यंत गेली आणि पोट धरून परत आली.

पुढचा दीड तास मी बाथरूमच्या दाराबाहेर उभा होतो. दवाखान्यातून परतलेली बायको एका हाताने तिची पाठ चोळत होती. आत आवाज, पाण्याचा नळ, मग परत आवाज. मध्येच मुलगी भिंतीला टेकून म्हणाली, "चिवडाच असणार. शेव घातली असेल त्यात, नाहीतर फरसाणच्या दुकानातले दाणे. बाकी सगळं मी वाचलं होतं." तिने तसाच फोन घेतला आणि मैत्रिणीला निरोप पाठवला. तो तिने आईला वाचून दाखवला. "खरं सांग, चिवड्यात काय होतं? मी तुला शंभर वेळा सांगितलंय. उद्या माझं विमान आहे."

बायको माझ्याकडे वळली. "तुमच्यात तर काही नव्हतं ना हो?"

"सगळं तिच्या बाजूचं," मी म्हणालो.

सकाळी मैत्रिणीचा फोन आला. मुलगी उशीला टेकून बसली होती, ओठ पांढरे पडलेले, हातात मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली. तिने फोन स्पीकरवर टाकला कारण कानाशी धरायची ताकद नव्हती. पलीकडे ती मैत्रीण रडत होती. "अगं आईने तुझ्यासाठी नवीन कढई आणली. सगळं कपाट आधी पुसून काढलं. ती कालपासून जेवली नाहीये, म्हणतेय, माझ्या हातून पोरीला काय झालं."

फोन ठेवल्यावर मी बोललो. पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो.

"चिवडा नव्हता. हिंग होता. माझा. फोडणीत."

मुलीने डोळे मिटले. बायकोच्या तोंडून नुसतं "अहो" बाहेर पडलं.

"किती घातलास?" मुलीने विचारलं.

"दोन चिमट्या. जरा जास्त."

"हं." मग डोळे उघडून, "तुला कधी कळलं?"

हा प्रश्न ती विचारेल असं मला वाटलं नव्हतं. रात्रभर मी फक्त चुकीची माफी मागायची तयारी केली होती.

"काल," मी म्हणालो. "पाचच्या सुमाराला. रेसिपी सांगताना."

"म्हणजे संपत आले म्हणालास ते."

"टाकून दिले."

"मी बाथरूममध्ये होते तेव्हा तुला माहीत होतं. मी तिला मेसेज केला तेव्हा तू दारातच होतास."

"हो."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फोन उचलला, मैत्रिणीच्या आईला लावला आणि म्हणाली, "काकू, सॉरी. तुमच्या चिवड्यात काही नव्हतं. आमच्याच घरातली चूक होती. तुम्ही जेवा आधी." फोन ठेवल्यावर तिने आईला पडदा ओढून घ्यायला सांगितलं.

दुपारी मी बॅग बांधायला मदत करायला गेलो. ती म्हणाली, "बाबा, चूक मी समजू शकते रे. मीसुद्धा चुकते, मला सगळं वाचूनही कधीकधी लागतंच. पण आता मला आठवावं लागतंय, याआधी किती वेळा असं झालं असेल आणि मी दुसऱ्या कोणाला बोलले असेन."

"नाही गं, यापूर्वी कधी..."

"मला कसं कळणार?"

तिने बॅगेची चेन ओढली.

विमान पुढे ढकलता आलं नाही, नोकरीवर हजर व्हायचं होतं. ती त्याच संध्याकाळी गेली. टॅक्सीत मी पुढे बसलो होतो. जोगेश्वरीपाशी गाडी अडकली तेव्हा तिने काच खाली करून बाहेर उलटी केली आणि टॅक्सीवाला पाणी देत म्हणाला, "बेटी, बाहेरचं खाल्लं वाटतं."

ती गेल्यावर आठवड्याभरात मी कणकेचा डबा रिकामा केला, रवा, शेवया, हिंग, सगळं काढून टाकलं. ओव्हन भंगारात दिला. आता डब्यात भाकरी नेतो, ती कशी नेतात हे शिकायला मला एक सकाळ पुरली. बायको हे सगळं बघत होती. ती एवढंच म्हणाली, "ती इथे राहत होती तेव्हा करायचं होतं." आता घरात गव्हाचा कण नाही आणि ज्याच्यासाठी तो नसायला हवा होता ते माणूस घरात नाही.

ती फोन करते. माझ्याशीही बोलते, नोकरीचं, घरमालकिणीचं, उन्हाचं. मी एकदा म्हणालो, "घरात आता गहू नाहीये, माहितेय ना?" ती म्हणाली, "आईने सांगितलं. बरं केलंस." आवाजात राग नव्हता. ऑफिसातल्या साहेबांशी बोलावं तसा नीट, आदराचा आवाज होता.

दिवाळीला ती चार दिवस आली. येताना एक छोटा विजेचा कुकर, दोन वाट्या आणि तांदळाची पिशवी घेऊन आली. बायकोचं मनगट तोवर भरून आलं होतं, पण तिने आईलाही सांगितलं, "तू दमू नकोस, माझं मी करते खोलीत." आईच्या हातचं खाणंही माझ्यामुळे बंद झालं, हे बायकोला कळलं, मलाही. आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचं टाळत होतो. फराळ बायकोने सगळा तांदळाचा आणि डाळीचा केला होता. मुलीने ताटाचा फोटो काढला, छान झालाय म्हणाली, आणि ताट तसंच ठेवलं.

पाडव्याच्या दुपारी ती बाहेरच्या खोलीत काहीतरी वाचत बसली होती. बाहेर ऊन होतं, तिच्या कपाळावर घाम आला होता. मी विचारलं, "पाणी देऊ?"

"हो, दे ना," ती म्हणाली. मान वर करून हसली पण.

मी ग्लास घासून घेतला, भरला आणि तिच्या हातात दिला. तिने ग्लास घेतला, उठली, आत गेली. मी दारातून बघत होतो. तिने पाणी सिंकमध्ये ओतलं, ग्लास साबणाने आतून-बाहेरून धुतला, उजेडात धरून बघितला, परत भरला आणि ओट्यापाशी उभ्या उभ्याच प्यायली. मग वळली, मी तिथे उभा आहे हे तिने पाहिलं आणि म्हणाली, "थँक्यू, बाबा."